भातावर उशीचा अभ्रा

तुमच्या घरी भाताच्या पातेल्याची खरवड कोण खातं? बुडाला लागलेला, तांबूस, कडक झालेला तो थर. खरं सांगा. बहुतेक घरांत ती आई गुपचूप खाते, नाहीतर कामाला येणाऱ्या बाईच्या डब्यात जाते, नाहीतर रात्रभर पाण्यात भिजून सकाळी मोरीत. घरी आलेल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्याच्या ताटात ती पहिल्यांदा वाढावी, असं मला एकाच माणसाने सांगितलं. तो ते स्पेनकडून शिकला होता, आणि पुण्याच्या पलीकडे तो कधी गेलेला नव्हता.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. लोणावळ्याजवळ वलवणला आमची वस्ती, तिथली पोरं 'स्पेन आबा' म्हणायची. ते काम करत त्या हॉटेलातले वेटर 'सिन्योर', म्हणजे साहेब, म्हणायचे. त्या सिन्योरमधली कुचेष्टा त्यांना कळत नसे असं नाही. ते वळून 'ओला' म्हणायचे. स्पेनमध्ये भेटल्यावर असंच म्हणतात. आमच्याकडे वर्षातले चार महिने सगळंच ओलं असतं, त्यामुळे समोरचा माणूस आभाळाकडे बघून 'व्हय आबा, लय ओला' म्हणायचा आणि पुढे जायचा. आबांना यात काही वावगं वाटत नसे. जगात कुठेही दोन माणसं भेटली की पावसापाण्याचंच बोलतात, असं त्यांचं मत होतं.

लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात आबा लिनन रूमला होते. म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल धुलाईला पाठवायचे, परत आले की घड्या घालून फळीवर लावायचे. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या झोपेच्या घड्या घातल्या. पाहुणे जे खोलीत विसरून जात तेही लिनन रूममध्येच यायचं. सहा महिने ते ठेवायचं असा नियम. मग चार्जर कोणी ना कोणी नेई, चपला कोणी ना कोणी घाली, आणि पुस्तकं रद्दीत जात. आबांनी रीतसर अर्ज लिहिला, की रद्दीत जाणारी पुस्तकं मला मिळावीत. साहेबांनी त्यावर 'हरकत नाही' असा शेरा मारला. तो अर्ज आबांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून दारासमोर टांगला. आत येणाऱ्याला आधी तो अर्ज दिसायचा, मग बुद्धाची मूर्ती, मग आबा.

मी एकदा हसले, तर म्हणाले, "आपल्या घरात हाटेलातली वस्तू दिसली की लोकांला आधी चोरी सुचती. मग कागद समोर पायजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे चोरी आहे, पण ती आबांनी केलेली नाही.

एका पावसाळ्यात कोणीतरी एक कापडी पिशवी विसरून गेलं. त्यात तीन इंग्रजी पुस्तकं होती. एक विटेएवढं जाड, स्पेनच्या स्वयंपाकाचं. एक मोठं, चकचकीत, स्पेनच्या चित्रांचं. आणि एक पातळ, स्पॅनिश शिकवणारं. सहा महिने कोणी आलं नाही. आबा सातवी पास होते. एका हाताशी इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन ते बसले, आणि एका पानाला एक आठवडा या वेगाने स्पेनमध्ये शिरले. पुस्तकांना त्यांनी जुन्या अभ्र्यांची कव्हरं शिवली. समाजमंदिरातल्या लोखंडी कपाटात वस्तीचं वाचनालय होतं, त्याच्या वरच्या कप्प्यात ती तीन पुस्तकं डोकं ठेवून झोपल्यासारखी दिसायची.

पातळ पुस्तकातून आबांना जो पहिला शोध लागला तो खरं तर लहानसा होता, पण त्यांनी तो वर्षभर साजरा केला. स्पॅनिश लोक ह लिहितात आणि उच्चारत नाहीत. आबा शाळेत असताना मास्तरांनी त्यांना 'आमी' म्हटल्याबद्दल उभं केलं होतं. आम्ही म्हण, आमच्यातला ह कुठे गेला, तुमच्या वाड्यात विकला का, असं विचारलं होतं. वर्ग हसला होता. पन्नास वर्षं ते हसणं आबांच्या कानात होतं. आता त्यांना एक अख्खा देश सापडला होता जो ह गिळतो आणि वर त्याचं व्याकरण छापतो. कोणी शुद्ध भाषेची शिफारस करायला लागलं की आबा शांतपणे सांगत, "राजा बी गिळतो तितला."

माझं आणि त्यांचं भांडण स्पेनवरूनच सुरू झालं. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. माझे वडील कारखान्याच्या गेटवर वाटायचे, उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. मला वाटायचं, धरणाचं पाणी बंगल्यांच्या पोहण्याच्या तलावात जातंय, आमच्या नळाला दिवसाआड येतंय, आणि हा एवढं वाचणारा म्हातारा ऑलिव्हचे प्रकार पाठ करतोय. मी तोंडावर विचारलं, आबा, स्पेन कशाला?

आबांनी भिंग खाली ठेवलं. "वरच्या बंगल्यातली पोरगी फ्रेंच शिकती. तिला इचारलंस का कधी, कशाला म्हनून?"

मी नव्हतं विचारलं. मला अजून त्याची लाज वाटते. आमच्या माणसाने आमच्याच दुःखाबद्दल वाचावं, आमच्याच दुःखाबद्दल लिहावं, बाकीचं जग इतरांसाठी राखीव, हा कायदा मी कुठून शिकले होते? तो कुठल्याही पत्रकात नव्हता. तो हवेत होता, आणि मी तो आबांवर बजावत होते.

पण मी सहज हार मानणारी नव्हते. मी म्हटलं, त्या देशाने जहाजं भरभरून दुसऱ्यांचं लुटलंय, माणसं गुलाम केलीत. आबा म्हणाले, ते पण वाचलंय. आणि त्यांनी जाड पुस्तक उघडून दाखवलं. जिथे जिथे अमेरिकेतून आणलेला टोमॅटो किंवा मिरची आली होती, तिथे तिथे समासात त्यांनी पेन्सिलीने 'लुटीतली' असं लिहून ठेवलं होतं. जवळजवळ प्रत्येक पानावर. पुस्तकाच्या लेखिकेने जे सांगायचं टाळलं ते लिनन रूमच्या माणसाने भरून काढलं होतं.

चित्रांच्या पुस्तकातलं एक चित्र ते मला पुन्हा पुन्हा दाखवत. चारशे वर्षांपूर्वीचं. एक म्हातारा पाणी विकणारा, फाटका अंगरखा, समोर मोठा रांजण, आणि तो एका मुलाला पाण्याचा पेला देतोय. बाकी कोणी ते चित्र दाखवलं असतं तर रांजणावरच्या थेंबांचं कौतुक केलं असतं. आबा बोट ठेवत ते पेल्यावर. म्हाताऱ्याचा हात आणि मुलाचा हात, दोन्ही एकाच वेळी एकाच पेल्यावर आहेत. "वरनं वतलेलं न्हाई," ते म्हणत. एवढंच. त्यांच्या वडिलांना पाणी ओंजळीत वरून मिळायचं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, ते मला माझ्या आजोबांकडून माहीत होतं.

आता खरवडीकडे येते.

छप्पनच्या आधी मोठ्या घरातलं लग्न असलं की भाताची तपेली घासायला आमच्या वस्तीतल्या बायका जायच्या. मजुरी म्हणजे बुडाची खरवड. ती फडक्यात बांधून मिळायची. आबांची आई आणायची. मग धम्म स्वीकारला, आणि वस्तीने ठरवलं की उष्टं, उरलेलं, बांधून दिलेलं, यातलं काही उंबऱ्याच्या आत येणार नाही. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. पुढे आयुष्यभर त्यांनी खरवडीला तोंड लावलं नाही. घरात भात जरा लागला तरी ते उठून पातेल्यात पाणी ओतत. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागायच्या. एकदा आबांनीच मला कारण सांगितलं, आणि ते मी समजत होते ते नव्हतं.

"मला ती आवडायची," ते म्हणाले. "लय आवडायची. तेच सहन व्हत न्हाई."

आणि मग एका दुपारी जाड पुस्तकात, भाताच्या प्रकरणात, त्यांना ते पान सापडलं. पाएया नावाचा भात. पसरट लोखंडी भांड्यात, चुलीवर, उलथनं न लावता शिजवायचा. शेवटी जाळ वाढवायचा आणि कान देऊन ऐकायचं. बुडाशी तडतड झाली की समजायचं, खरवड धरली. तिला तिकडे स्वतःचं नाव आहे, सोकार्रात. तिच्यावरून जेवणारे भांडतात, आणि ती मानाच्या माणसाला आधी वाढतात. आबांना ते खरं वाटेना. त्यांनी त्या ओळीतला शब्द न् शब्द शब्दकोशात पुन्हा पाहिला. मग दोनशे पानी लांब वही घेतली, पहिल्या पानावर 'स्पेन : भात' लिहिलं, आणि ते सगळं प्रकरण मराठीत उतरवायला बसले. त्याला दोन वर्षं लागली.

पुस्तक म्हणत होतं, तांदूळ आखूड आणि जाड दाण्याचा हवा. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, हे तर आपलं इंद्रायणी. पसरट भांड्यासाठी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून नवं कोरं घमेलं आणलं आणि नाक्यावरच्या वेल्डरकडून त्याला दोन कड्या लावून घेतल्या. वेल्डरने विचारलं, आबा, वाळू उचलायचीय का? आबा म्हणाले, भात. वेल्डरने तोंडावर काच ओढली. पहिले दोन प्रयत्न गुरगुट्या भात म्हणून वस्तीतल्या आजारी माणसांना गेले. पुस्तकात गोगलगायी घाला असंही लिहिलं होतं, पण मावशींनी सांगितलं की गोगलगाय घरात आली तर मी बाहेर जाईन. मग कोंबडी आणि पावटा यांवर तडजोड झाली. केशर नव्हतं. मी म्हटलं, चिमूटभर हळद घाला, रंग तरी येईल. आबा म्हणाले, ते खोटं बोलणं होईल. भात पांढराच राहिला.

तिसऱ्या वेळी त्यांनी समाजमंदिरासमोर चूल मांडली आणि वस्तीला बोलावलं. तडतड झाली. आबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि कान घमेल्याशी नेला. मग पहिला तुकडा खरवडून त्यांनी वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर नेला. लहानपणी आईबरोबर तिने ती तपेली घासली होती. तिने ताट मागे ढकललं.

"ह्यासाठी बोलावलंस व्हय? परत खरवड?"

आबांनी वही उघडली आणि ते पान मोठ्याने वाचलं, मानाच्या माणसापासून भांडणापर्यंत. म्हातारीने दोनदा वाचून घेतलं. मग तुकडा तोंडात टाकला, उरलेल्या दाढेने बराच वेळ चावला.

"मग त्या लोकांला कळव," ती म्हणाली, "आमी आधीपासनं खातोय. नुसती वाढत कुनी नव्हतं."

आबा हसले आणि रडलेही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा खरवड खाल्ली, पासष्ट वर्षांनी. त्या वहीत म्हणून फक्त पाककृती नव्हत्या. आबांना स्वतःच्या आवडीची वाटणारी लाज ज्या कागदाने काढून घेतली, तो कागद होता तो.

आणि हीच वही हॉटेलवाले घेऊन गेले.

आबा निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या त्याच हॉटेलात 'स्पॅनिश सप्ताह' ठरला. नवा मॅनेजर गाडी घेऊन वस्तीत आला. जुन्या वेटरने त्याला सांगितलं असणार. तो खुर्चीवर बसला, चहा प्याला, फ्रेममधला अर्ज वाचून 'ग्रेट' म्हणाला, आणि वही दोन दिवसांसाठी मागितली. मी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, लिहून घ्या. वाचनालयातलं दहा पानी पुस्तकसुद्धा ते नोंद केल्याशिवाय देत नसत. पण आबा म्हणाले, अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हाटेलातला माणूस माझ्याकडं वाचायला मागतोय. कागद कसा मागू?

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. आबांनी पांढरा सदरा घातला. लॉनवर पुठ्ठ्याचे बैल उभे होते. वेटरांच्या डोक्यावर भल्यामोठ्या काठांच्या टोप्या होत्या, त्या मेक्सिकोच्या आहेत असं आबांनी मला हळूच सांगितलं. मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढ्या भांड्यात बासमती पिवळाधम्मक रटरटत होता आणि शेफ तो उलथन्याने ढवळत होता. आबा पुढे झाले आणि म्हणाले, ढवळू नका, बुडाला धरू द्या. शेफने वर न बघता सांगितलं, काका, जरा बाजूला, फोटो चाललाय.

मग मी टेबलावरचं कार्ड उचललं. छान जाड कागद, वर 'मावळी सोकार्रात', खाली 'आमच्या शेफच्या संग्रहातून', आणि मग मराठीत कृती. मी वाचत गेले. शेवटून दुसरं वाक्य होतं: 'भाताला पाच मिनिटं विसावा द्या, वर स्वच्छ धुतलेला उशीचा अभ्रा झाका.'

पुस्तकात नुसतं 'कापड' होतं. स्वच्छ कापड म्हटल्यावर बत्तीस वर्षं लिनन रूममध्ये काढलेल्या माणसाला काय आठवणार? त्यांनी अभ्रा लिहिला होता. मी वहीत ते वाचून हसले होते, पण खोडू दिलं नव्हतं. मला सांगा, जगातल्या कुठल्या शेफने भातावर उशीचा अभ्रा झाकला आहे? त्यांना नक्कल करतानाही वाचायचा कंटाळा आला होता. आणि पाहुणे ते कार्ड हातात घेऊन 'किती ऑथेंटिक' म्हणत होते.

मी कार्ड आबांना दिलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, सगळं वाचलं, आणि मॅनेजरसमोर जाऊन वही मागितली. मॅनेजर घाईत होता. वही पुण्याच्या ऑफिसला गेलीय, मिळेल, असं म्हणाला. आबा तिथून हलले नाहीत. तेव्हा त्याला वाटलं असावं की म्हाताऱ्याला जेवायचं आहे. त्याने वहीचं एखादं पान चाळलं असावं, कारण याला खरवडीचं वेड आहे एवढं त्याला आठवत होतं. तो वेटरला म्हणाला, "अरे, काकांना खालची खरवड बांधून दे."

बांधून दे. तेच दोन शब्द. त्याला काही ठाऊक नव्हतं, असं मला नंतर पुष्कळांनी समजावलं. ठाऊक नसणं हीच तर त्यांची सगळ्यात मोठी चैन आहे. वही वाचली असती तर ठाऊक झालं असतं. आबांनी वहीच्या समासात सगळं लिहिलं होतं, आईच्या फडक्यासकट.

वेटर डबा घेऊन आला. आबांनी हात पाठीमागे नेले.

"खरवड बांधून देत न्हाईत," ते म्हणाले. "ताटात वाढत्यात. माझी वही द्या."

आवाज चढला नाही. आम्ही चालत वलवणला आलो.

त्यानंतर दर सोमवारी आबा हॉटेलच्या गेटवर जात. आत जाणाऱ्याने रजिस्टरमध्ये नाव आणि कामाचं स्वरूप लिहायचं असतं. आबा नाव लिहीत, आणि कामाच्या रकान्यात 'वही'. वॉचमन आत फोन लावी, आतून साहेब नाहीत म्हणून सांगत, आबा घरी येत. वस्तीतले लोक म्हणत, सोडा ना आबा, पुस्तक तर आहे, पुन्हा उतरवा. त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. पण ते कारण ते कधी देत नसत. ते म्हणत, मी उतरवीन, पण त्यानं ती वही त्यांची व्हनार न्हाई. एकदा हॉटेलने भेटीची टोपली पाठवली, चिक्की, सरबत आणि स्पेनच्या ऑलिव्हची बरणी. आयुष्यभर ज्या ऑलिव्हबद्दल वाचलं ते पहिल्यांदा दारात आलं होतं. आबांनी बरणी उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि टोपली तशीच परत पाठवली.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. आदल्या सोमवारीही ते गेटवर गेले होते. आता मी जाते. मॅनेजर बदलला आहे. नवा माणूस नम्र आहे. तो म्हणतो, मॅडम, अशा कुठल्याही वहीची आमच्याकडे नोंद नाही. त्यांच्या मेनूवर 'मावळी सोकार्रात' अजून आहे. अभ्र्याचं वाक्य कोणीतरी काढून टाकलं आहे.

हॉटेलचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे छापणाऱ्याच्या मागे वकील लागतील, असं मला सांगण्यात आलं आहे. ठीक आहे. तुम्ही दर शनिवार-रविवारी हजारोंनी वर येता, भुशीला भिजता, खोल्या घेता. तर असं करा. लोणावळ्यात ज्या कुठल्या हॉटेलात उतराल, तिथल्या काउंटरवर वही मागा. दोनशे पानी, लांब, पांढऱ्या अभ्र्याचं शिवलेलं कव्हर, पहिल्या पानावर निळ्या शाईत 'स्पेन : भात'. ते नाही म्हणतील. वाद घालू नका. निघताना ते तुमच्यापुढे अभिप्रायाची वही सरकवतील, तीत खोली छान होती वगैरे लिहू नका. एकच ओळ लिहा आणि खाली सही करा: वलवणच्या आबांची वही परत द्या.